जलाशयाचा काठ मोकळा ठेवायचा असेल तर

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, पण काठ आहेत. औंढा तालुक्यात पूर्णेवरचे सिद्धेश्वर, त्याच्या वरच्या अंगाला परभणीच्या हद्दीवरचे येलदरी आणि यवतमाळच्या हद्दीवर पैनगंगेवरचे इसापूर. ही धरणे शेताला, नळाला आणि येलदरीच्या बाबतीत विजेलाही पाणी हवे म्हणून बांधली गेली. त्यांच्यामुळे तयार झालेले दृश्य कोणी मागितलेले नव्हते. रस्ता चढावर आला की समोर उघडणारे पाणी, पलीकडची टेकड्यांची रांग, हिवाळ्यात उतरणारे पक्षी हे सगळे आपसूक मिळाले. आपसूक मिळाले म्हणूनच ते राखण्याचे काम कोणत्याही एका खात्याच्या टेबलावर नाही.

पुण्याजवळ पवना, मुळशी, पानशेत या धरणांच्या काठी आज फिरून पाहा. कित्येक ठिकाणी रस्त्यावरून पाणी दिसतच नाही. बंगल्यांच्या भिंती दिसतात, रिसॉर्टची फाटके दिसतात, फलक दिसतात. हिंगोलीत अजून तशी वेळ आलेली नाही. पण औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव इथे भाविकांची ये-जा मोठी आहे, दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे आणि रस्ते सुधारत आहेत. रस्ता सुधारला की काठाच्या जमिनीचा भाव बदलतो. काठ मोकळा ठेवायचा तर त्याची तयारी भाव चढण्याआधीच करावी लागते. ती कशी करायची, कोणता कागद कोणाकडे मागायचा आणि कुठे फसगत होते, ते इथे सांगतो आहे. आधी थोडे समुद्राकडे पाहू, कारण काठाचे दृश्य बांधकामाच्या परवानगीतून राखण्याचा अनुभव आपल्या राज्याला समुद्रावरच मिळाला आहे.

दृश्यावर हक्क कोणाचा

पहिला गैरसमज इथेच असतो. ‘माझ्या ओट्यावरून तीस वर्षे धरण दिसते, आता शेजारी मजला चढवतो आहे, त्याला थांबवा’ असा अर्ज घेऊन माणसे तहसीलला जातात आणि हात हलवत परततात. प्रकाश आणि हवा यांच्याबाबत दीर्घ उपभोगाने हक्क मिळू शकतो, खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याबाबत मात्र तसा हक्क आपला कायदा देत नाही. शेजाऱ्याची इमारत नियमात असेल तर तुमचे दृश्य गेले म्हणून ती अडत नाही.

सार्वजनिक जागेवरून सगळ्यांना दिसणारे दृश्य राखण्यासाठी मात्र सरकार बांधकामावर अट घालू शकते. याचे उदाहरण मुंबईतच आहे. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कमधून खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा वळसा दिसतो. हे दृश्य आजही दिसते, कारण शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीत त्याची तरतूद आहे. कमला नेहरू पार्क आणि टेकडीच्या माथ्यावरच्या इतर ठिकाणांहून बॅक बे व चौपाटीकडे जाणारी नजर अडेल अशा इमारतीला परवानगी देऊ नये, अशा आशयाचे कलम १९९१ च्या नियमावलीत होते. जमिनीचा भाव देशात सर्वांत जास्त असलेल्या भागात, बागेत फिरायला येणाऱ्या सामान्य माणसाच्या नजरेसाठी इमारतींची उंची रोखली गेली. मुंबईत हे जमते, तर सिद्धेश्वरच्या काठी जमणार नाही असे मानायला काही कारण नाही.

त्या कलमाची रचना नीट पाहा. दृश्य कुठून पाहायचे ती जागा ठरलेली आहे, काय दिसले पाहिजे ते लिहिलेले आहे आणि ते राखण्याचे साधन म्हणजे इमारतीची परवानगी आहे. तुम्हाला जे मागायचे आहे त्यात या तिन्ही गोष्टी हव्यात. ‘आमच्या गावाचे निसर्गसौंदर्य जपा’ एवढाच ठराव नगररचना कार्यालयात कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने १९७६ च्या किनारा कायद्यात किनाऱ्याचे दृश्यसौंदर्य ही सार्वजनिक महत्त्वाची संपत्ती मानली आणि प्रत्येक परवानगीत समुद्राकडे जाणारी नजर विचारात घेणे बंधनकारक केले. फ्रान्सने १९८६ च्या कायद्याने वस्तीबाहेरच्या किनाऱ्यावर १०० मीटरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवला. आपल्याकडे सुरुवात १९८१ मध्ये झाली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा भाग मोकळा ठेवायला सांगितले. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने, म्हणजे सगळीकडे ‘सीआरझेड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमाने मिळाले. २०११ आणि २०१९ मध्ये ही अधिसूचना नव्याने आली. ग्रामीण किनाऱ्यावर आधी सरसकट २०० मीटरचा ना-विकास पट्टा होता. २०१९ नंतर दाट वस्तीच्या, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागात तो ५० मीटरवर आला, विरळ वस्तीत २०० मीटर राहिला. पट्टा अरुंद केला हे मला पटत नाही. पण रेषा नकाशावर आहे, आणि तिच्या आत कोणी बांधले तर बोट ठेवायला जागा आहे, हे समुद्राकाठच्या माणसाचे भाग्य आहे. जलाशयाकाठच्या माणसाला अशी एकच रेषा मिळत नाही. त्याला चार-पाच कायद्यांतून ती जोडून घ्यावी लागते.

आपल्या रेषा कुठल्या

समुद्राला भरती-ओहोटीचा फरक असतो तसा जलाशयाला ऋतूचा असतो, आणि तो कितीतरी मोठा असतो. ऑक्टोबरमध्ये ज्या बांधाला पाणी टेकते, मे महिन्यात तिथून पाण्यापर्यंत चालत जायला वेळ लागतो. मधल्या उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, हरभरा-टरबूज निघतात. प्लॉट विकणारा माणूस नेमका याच फरकाचा फायदा घेतो. पाण्याला लागून जागा हवी असणाऱ्याला तो दिवाळीनंतर जागा दाखवतो, आणि पुराची भीती वाटणाऱ्याला उन्हाळ्यात.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो असा: या धरणाची पूर्ण संचय पातळी किती मीटर आहे, आणि ती माझ्या गावाच्या हद्दीत कोणकोणत्या गटांतून जाते? धरणाच्या उपविभागीय कार्यालयात ही पातळी नोंदलेली असते. त्या पातळीखालची, म्हणजे बुडीत क्षेत्रातली जमीन सामान्यतः संपादित होऊन जलसंपदा विभागाकडे असते. सातबारावर अजून जुन्या खातेदाराचे नाव दिसत असले तरी भूसंपादनाचा निवाडा पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत निवाड्याची नक्कल मिळते. गाळपेरीची जमीन ठरावीक काळासाठी लागवडीला दिलेली असते, तिच्यावर पक्के बांधकाम करण्याचा हक्क त्यातून कोणालाही मिळत नाही. संपादनाची हद्द दाखवणारे दगड जागेवर असतील तर गावकऱ्यांनी त्यांचे फोटो गट क्रमांकासह काढून ठेवावेत. दगड हलतात, फोटो हलत नाही.

धरणाच्या खाली नदीकाठी दुसऱ्या दोन रेषा लागू होतात. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, किंवा धरणाच्या सांडव्याच्या संकल्पित विसर्गाची, लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतले क्षेत्र निषिद्ध, निळ्या-लाल रेषांच्या मधले नियंत्रित. कयाधूच्या काठी नर्सी असो की पूर्णेच्या काठची वसमत तालुक्यातली गावे, पूररेषेचा नकाशा हा जीव वाचवण्यासाठी असतो आणि त्याच्या आडोशाने नदीचा काठही मोकळा राहतो. आपल्या गावासाठी पूररेषा आखली आहे का, हे जलसंपदा विभागाला लेखी विचारा. आखलेली नसेल तर ती आखण्याची मागणी ग्रामसभेतून करा. माझ्या मते दृश्य राखण्याचा हा सर्वांत भक्कम मार्ग आहे, कारण पुराच्या कारणापुढे वाद घालायला बिल्डरही कचरतो.

तिसरी रेषा उताराची. १:५ पेक्षा तीव्र चढाच्या टेकडीवर बांधकाम करू न देण्याचा दंडक आपल्या नियोजनात रुजलेला आहे. औंढ्याभोवतीच्या डोंगरउतारांना, आणि पाण्यामागे क्षितिज तयार करणाऱ्या टेकड्यांना, तो उपयोगी पडतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून उतार मोजता येतो आणि अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा गावातला मुलगा हे काम करू शकतो.

चौथी रेषा वनखात्याची. इसापूर जलाशयाचा परिसर अभयारण्य म्हणून घोषित आहे, त्यामुळे तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो आणि सिद्धेश्वरपेक्षा तिथले संरक्षण पक्के आहे. कळमनुरी तालुक्यातल्या काठाच्या गावांनी विभागीय वन अधिकाऱ्यांकडून अभयारण्याची गटनिहाय हद्द आणि त्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची सद्यस्थिती मागवून घ्यावी.

इथे एक सावधगिरी. पुष्कळ कार्यकर्ते पाणथळ जागांच्या नियमांचा आधार घेतात आणि अर्ज फेटाळला की निराश होतात. २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांतून सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणे त्याच वर्गात मोडतात. त्यामुळे तो दरवाजा सहसा उघडत नाही. लोणार सरोवराची गोष्ट वेगळी आहे. ते नैसर्गिक आहे, अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये रामसर यादीत गेले. लोणारला लागू पडले म्हणून तेच सिद्धेश्वरला लागू पडेल असे धरून चालू नका.

परवानगी कोण देतो

गावातला सर्वांत मोठा घोळ या मुद्द्यावर होतो. ग्रामपंचायतीने दिलेला ना-हरकत दाखला म्हणजे बांधकामाची परवानगी, असे समजून लाखो रुपये गुंतवले जातात. ग्रामपंचायतीचा बांधकाम परवानगीचा अधिकार गावठाणापुरता असतो. गावठाणाबाहेर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ आणि त्याच वर्षीची जमीन महसूल संहिता लागू होते आणि परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेतून, नगररचना विभागाच्या अभिप्रायाने मिळते. हिंगोली, वसमत, कळमनुरी या नगरपरिषदा आणि औंढा नागनाथ, सेनगाव या नगरपंचायती आपापल्या हद्दीत नियोजन प्राधिकरण आहेत, तिथे परवानगी त्याच देतात. अकृषिक (एनए) वापराच्या परवानगीचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा सैल झाले आहेत. त्यामुळे ‘एनए नाही, म्हणजे बांधकाम बेकायदा’ असा सरळ निष्कर्ष आता काढता येत नाही. विचारायचे ते बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा यांबद्दल.

मुंबई वगळता जवळजवळ सर्व राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. उंची, सामासिक अंतर, चटई क्षेत्र हे सगळे तिच्यात आहे. सिद्धेश्वरच्या घाटावरून पाणी दिसले पाहिजे असे मात्र तिच्यात कुठेही नाही, आणि तुम्ही मागितल्याशिवाय ते येणारही नाही.

मागायचा आधार कायद्यातच आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे कलम १४ प्रादेशिक योजनेत काय काय असू शकते ते सांगते. त्यात रस्ते, पाणी, उद्योग यांच्या बरोबरीने नैसर्गिक दृश्ये, वने, वन्यजीव यांचे जतन आणि विकास हेही स्पष्टपणे आहे. शहरांच्या विकास योजनेसाठी कलम २२ आहे. त्यात ऐतिहासिक, नैसर्गिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाची ठिकाणे राखण्याची तरतूद आहे. ‘दृश्य वगैरे नियोजनात बसत नाही’ असे कोणी अधिकारी म्हणाले तर त्यांच्यापुढे शांतपणे ही दोन कलमे ठेवा. औंढा नागनाथाच्या मंदिरामागची डोंगररांग मंदिराच्या आवारातून मोकळी दिसावी, ही मागणी नगरपंचायतीच्या विकास योजनेत पूर्णपणे बसते.

वेळ मात्र पाळावी लागते. शहराच्या प्रारूप विकास योजनेची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते तेव्हा हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. नंतर मंजूर योजनेत एखाद्या जमिनीचा वापर बदलायचा असेल, म्हणजे शेती क्षेत्राचे रहिवासी किंवा पर्यटन क्षेत्र करायचे असेल, तेव्हाही फेरबदलाची सूचना निघते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. काठाची जमीन जाते ती बहुतेक वेळा अशा छोट्या फेरबदलांतून. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात आलेली ती सूचना कोणी वाचत नाही. गावातल्या एका माणसाने, शिक्षक असो की ग्रंथालयाचा कार्यवाह, जाहीर सूचनांचे पान रोज पाहायची जबाबदारी घ्यावी. वर्षातून एखादीच सूचना आपल्या गटांची असेल, पण तीच चुकवायची नसते.

धरणालगतच्या जलसंपदा विभागाच्या विश्रामगृहांचा आणि मोकळ्या जागांचा खासगी सहभागातून पर्यटनासाठी विकास करण्याचे धोरणही राज्याने स्वीकारले आहे. त्याची निविदा निघते तेव्हा हरकतींची औपचारिक पायरी मिळेलच असे नाही. म्हणून या जागांबाबत ग्रामसभेचा ठराव आधीच विभागाच्या दप्तरी जाऊन बसलेला असावा, म्हणजे निविदेच्या अटी लिहिणाऱ्याच्या समोर तो येईल.

हरकत कशी लिहावी

चांगली हरकत एका पानाची असते. वर योजनेचे नाव आणि सूचनेची तारीख, मग गाव, गट क्रमांक, मग मागणी. भावना शेवटच्या दोन ओळींत. मागणी मोजता येईल अशी असावी. सिद्धेश्वरसारख्या ठिकाणासाठी मी ती साधारण अशी लिहीन: अमुक रस्त्याच्या अमुक वळणापासून तमुक वळणापर्यंतच्या भागातून जलाशयाचा पृष्ठभाग आणि पलीकडच्या टेकडीची कड सलग दिसते. या पट्ट्यात रस्ता आणि पूर्ण संचय पातळी यांमध्ये असलेल्या गटांत जोत्यासह एका मजल्यापेक्षा उंच बांधकामाला परवानगी देऊ नये. रस्त्याच्या बाजूचे कुंपण पलीकडचे दिसेल असे जाळीचे किंवा तारेचे असावे, पक्की भिंत असू नये. इतक्या मीटरचा पट्टा हरित राखावा. पाण्याकडे जाणाऱ्या जुन्या पाऊलवाटा व गाडीवाटा नकाशावर दाखवून सार्वजनिक ठेवाव्यात.

किती मीटर आणि किती उंची हे मनाने लिहू नका, जागेवर ठरवा. कॅलिफोर्नियाच्या अनेक गावांत नवी इमारत मंजूर करण्याआधी तिच्या उंचीचे खांब आणि दोऱ्या जागेवर उभ्या करून लोकांना दाखवतात. आपल्याकडे चार लांब बांबू आणि रंगीत फडकी पुरेशी आहेत. मालकाची परवानगी घेऊन किंवा शेजारच्या सार्वजनिक जागेत बांबू उभे करा, फडके ६ मीटरवर, मग ९ मीटरवर बांधा, आणि रस्त्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा. पहिल्या फोटोत पाणी दिसते, दुसऱ्यात दिसत नाही, हे दोन फोटो हरकतीला जोडले की सुनावणीत बोलायचे फारसे उरत नाही. हे सगळे पाणी पूर्ण भरलेले असताना एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करा. सुनावणीला फक्त पुढाऱ्यांनी जाऊ नये. त्या रस्त्याने रोज जाणारी बाई, मासेमारी करणारे, शाळेतले गुरुजी गेले तर समितीला ही मागणी कोणाची आहे ते कळते.

जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत काठावरचे पक्षी, झाडे, मासे तारखांसह नोंदवले असतील तर ती नोंद हरकतीच्या वेळी हाताशी येते. बहुतेक गावांत ही वही कपाटात पडून आहे.

वाट आणि माणसे

दृश्य राखले आणि पाण्यापर्यंत जायची वाट गेली, तर फारसे काही मिळवले नाही. गोव्यात दोना पावला इथल्या वायंगिणी किनाऱ्यावर एका मोठ्या हॉटेलच्या विस्ताराने लोकांची जुनी वाट अडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २००९ मध्ये न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल देऊन आड येणारे बांधकाम हटवण्याचा आदेश कायम केला. किनारे, नद्या, जलाशय यांचा सरकार मालक नसून लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हिमाचलमधल्या बियास नदीच्या प्रकरणात मांडले होते, तेच गोव्यात लागू झाले. पुढे गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवले. लोकांनी न्यायालयात जिंकलेले विधिमंडळात गमावले जाऊ शकते, म्हणून ग्रामसभेने एका निकालावर विसंबून गप्प बसू नये. तुमच्या गावाच्या पाणवाटा नकाशावर आहेत का ते आजच पाहा. भूमी अभिलेख कार्यालयाच्या गावनकाशात जुन्या वाटा तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. नसतील तर तहसीलदारांकडे वहिवाटीची नोंद मागा.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दृश्य जपण्याचा नियम गरिबाच्या गोठ्यावर चालतो आणि श्रीमंताच्या तीनमजली बंगल्यापाशी थांबतो, असे आपण पाहत आलो आहोत. धरणासाठी ज्यांची शेते, घरे, देवळे पाण्याखाली गेली, त्या धरणग्रस्तांना आता काठावर झोपडी घालू नका म्हणून सांगणे हा अन्याय आहे. म्हणून मागणी करतानाच ती भेद करून करा. शेतीचा गोठा, धान्याची खोली, मासेमारी संस्थेची जाळी-होडी ठेवायची शेड, धरणग्रस्ताचे राहते घर यांना मोकळीक असावी. व्यापारी बांधकाम, प्लॉटिंग, उंच कुंपण आणि मोठे फलक यांच्यावर बंधन असावे. काठावर पर्यटन होणारच असेल तर पहिला हक्क या घरांचा असावा, आणि कृषी पर्यटनाचे कमी उंचीचे, झाडांच्या आत बसणारे बांधकाम त्यांना सहज परवडते. जिथे नियम गावाला उपाशी ठेवतो तिथे गाव तो नियम पाळत नाही, हे कोकणात सीआरझेडच्या तीस वर्षांत दिसून चुकले आहे. तिथल्या मच्छीमार वाड्यांची घरे दुरुस्तीसाठी अडली आणि शेजारी बंगले उभे राहिले, याचा राग लोकांच्या मनात अजून आहे.

फलकांचे थोडक्यात: महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा १९९५ अस्तित्वात आहे, आणि रस्त्याच्या हद्दीतला फलक काढायला सार्वजनिक बांधकाम विभागाला किंवा महामार्ग विभागाला एक अर्ज पुरतो. काठावरचे दृश्य परत मिळवायचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बांधकाम सुरू झाले असेल तर

उशीर झालेला असतो, पण हातपाय गाळू नका. माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपयांच्या अर्जात परवानगीची प्रत, मंजूर नकाशा, जलसंपदा विभागाची ना-हरकत आणि जागेचा मोजणी नकाशा मागा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. परवानगी नसेल किंवा नकाशाबाहेर बांधकाम असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ आणि ५३ प्रमाणे कारवाईची मागणी नियोजन प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. बुडीत क्षेत्रात अतिक्रमण असेल तर धरणाच्या कार्यकारी अभियंत्यांना वेगळा अर्ज द्या. तारीख टाकलेले फोटो आणि उपग्रह प्रतिमांचा जुना क्रम जोडा, कारण ‘हे बांधकाम जुनेच आहे’ हा बचाव हमखास येतो.

राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे. तिथे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि पाणी, हवा, वन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता अशा ठरावीक कायद्यांखालचेच प्रश्न तिथे चालतात. निव्वळ नगररचना नियमाचा भंग असेल तर मार्ग उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाचा. दोन्हीकडे वर्षे जातात. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावरचा फरार हिरे व्यापारी नीरव मोदी याचा बंगला मार्च २०१९ मध्ये स्फोटके लावून पाडला गेला, केरळात मरडूच्या चार इमारती जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जमीनदोस्त झाल्या. ही दृश्ये दूरचित्रवाणीवर मोठी दिसली, पण मरडूत घरे विकत घेतलेल्या सामान्य कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्परही त्यातच गेले. परवानगीच्या टप्प्यावर अडवलेले बांधकाम कोणालाच बेघर करत नाही.

तुम्ही स्वतः काठावर जागा घेणार असाल, हिंगोलीत किंवा कोकणात, तर हेच कागद विकत घेण्याआधी मागा. कोकणात भरतीरेषेपासूनचे अंतर विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर घेऊ नका. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर तो गट कोणत्या वर्गात आहे ते पाहा, आणि परवानगी महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नियमात बसते का ते तपासा. हिंगोलीत पूर्ण संचय पातळी, पूररेषा, भूसंपादनाचा निवाडा आणि तुकडेबंदी या चार गोष्टी पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘जलाशयाचा काठ व पाणवाटा’ हा विषय घालण्याचा अर्ज ग्रामपंचायतीकडे आधी द्या, ठरावात गट क्रमांक लिहून घ्या, आणि ठरावाची एकेक प्रत जलसंपदा विभाग, नगररचना कार्यालय आणि जिल्हाधिकारी यांना पोच घेऊन द्या. नंतर विकास योजनेवर हरकत घ्यायची वेळ आली तर तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मुदतीत पोचलेला, सही आणि गट क्रमांक असलेला एक कागद पुरतो.